संसार आणि नोकरी : रात्री दोनला फोन आला तर?

बीबीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. बीबी म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, लोणार तालुक्यातलं गाव. त्या लिहितात :

“ताई, माझं वय २६. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात घेतली आणि लगेच लग्न झालं. मुलगी दीड वर्षाची आहे. यजमानांचं कृषी केंद्र आहे. घरात कुणी वाईट नाही. पण मी नोकरीचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, ‘शाळेत लाग, बँकेत लाग. टॉवरवाल्यांची नोकरी बाईमाणसाची नाही. रात्री दोनला फोन आला तर पोरीला कोण घेईल?’ मला टेलिकॉम मॅनेजर व्हायचंय. पदवी पेटीत पडून आहे. हट्ट धरू की सोडून देऊ?”

भगिनी, तुमच्या सासूबाईंवर रागावू नका. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा कुणी इतका नेमका प्रश्न विचारत नाही. तेव्हा उत्तरही त्यांच्याच प्रश्नाला धरून देते.

हे काम असतं तरी काय?

मॅनेजर म्हटलं की टॉवरवर चढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसं नाही. चढण्याचं काम त्यासाठी शिकवलेले तंत्रज्ञ करतात. एका भागातलं जाळं चालू ठेवायची जबाबदारी मॅनेजरची.

गावातली लाईट गेली तरी मोबाईल चालतो, तो का? टॉवरखालची यंत्रं ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत राहतात म्हणून. लाईट फार वेळ आली नाही, तर जिथे जनरेटर असेल तिथे तो लावावा लागतो. म्हणजे डिझेलचा हिशेब आला, बॅटऱ्या कधी बदलायच्या ते आलं, पावसाळ्याआधी अर्थिंग तपासणं आलं. दुसरं काम फायबरचं. रस्त्याच्या कामात किंवा पाण्याची पाईपलाईन टाकताना जेसीबीचा दात लागला की जमिनीतली केबल तुटते. मग एका टोकाकडून यंत्राने प्रकाश सोडतात आणि तुटलं ते किती किलोमीटरवर, ते यंत्रच सांगतं. तिथे खणून केसासारखी काचेची तार वितळवून जोडतात. कोणती माणसं पाठवायची, तोवर दुसऱ्या मार्गाने वाहतूक वळवता येते का, भरपाई कुणाकडून घ्यायची, हे मॅनेजरने ठरवायचं. शिवाय ज्यांच्या शेतात टॉवर उभा त्यांचं भाडं, ठेकेदारांची बिलं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि हाताखालच्या माणसांच्या रजा.

पाहिलंत ना? यंत्राची माहिती लागतेच, पण सारं काम अंदाजपत्रक, वेळ आणि माणसं सांभाळण्याचं. बाईमाणसाला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

आता रात्रीचा फोन. तो येतो, हे मी लपवणार नाही. टेलिफोनचं जाळं चोवीस तासांचं. पहिल्यांदा जागेवर तंत्रज्ञ जातात, बऱ्याच वेळा मॅनेजरचं काम फोनवर भागतं. मोठा बिघाड झाला तर मात्र निघावं लागतं. म्हणून “रात्री काम नसतं” असं सांगून घरच्यांची समजूत काढू नका. पहिल्याच पावसाळ्यात ते खोटं ठरेल.

बायका या क्षेत्रात नव्या नाहीत

ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते आणि शहरांतल्या एक्स्चेंजमध्ये पलीकडून बहुधा बाईचाच आवाज यायचा. बोर्डावर बायका आणि साहेबाच्या खुर्चीत पुरुष, अशीच बहुतेक ठिकाणची वाटणी.

पुढे यंत्र बदललं. १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान देशातली पहिली थेट डायल करायची सोय झाली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिने खेड्यांतल्या धुळीत नि उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालेल असं लहान एक्स्चेंज तयार केलं. हळूहळू ऑपरेटरचे बोर्ड गेले. जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली. ज्यांना फक्त एकच बोर्ड येत होता त्यांचं काम त्या बोर्डाबरोबर संपलं. म्हणूनच तुमची मॅनेजर होण्याची इच्छा मला योग्य वाटते. यंत्रं बदलतील, पण वीज, केबल, हिशेब आणि माणसं सांभाळणारं कुणीतरी लागणारच.

आणि लहान मूल असताना? मद्रासच्या ए. ललिता यांचं उदाहरण सासूबाईंना जरूर सांगा. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्या बाईंनी गिंडीच्या कॉलेजात विजेचं इंजिनिअरिंग शिकून १९४३ साली पदवी घेतली. भारतातल्या पहिल्या स्त्री-इंजिनिअरांपैकी त्या एक. नोकरी करताना त्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहिल्या, म्हणजे मुलीकडे बघायला घरचं माणूस होतं. त्यांनी मुलीची सोय पाहून नोकरीची जागा निवडली. नोकरीच नको, असं मात्र म्हटलं नाही.

वाटा कोणत्या?

पहिली वाट केंद्र सरकारची. लोकसेवा आयोगाची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा असते. तिच्यातून इंडियन टेलिकम्युनिकेशन सर्व्हिसमध्ये जाता येतं. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे. वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. तुमच्या हाती वेळ आहे, पण फार नाही. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, हे आधीच समजून असा.

दुसरी बी.एस.एन.एल.ची. २००० साली टेलिफोन खात्यातून ही कंपनी निघाली. २०२० साली सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली. भरती दरवर्षी निघतेच असं नाही, तेव्हा केवळ तिच्या भरवशावर घरी बसू नका. ‘गेट’ परीक्षा मात्र द्या. तिला वयाची अट नाही, तिचे गुण तीन वर्षं चालतात आणि अनेक सरकारी कंपन्या ते विचारात घेतात.

तिसरी वाट खाजगी : मोबाईल कंपन्या, टॉवर कंपन्या, यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्या, त्यांचे ठेकेदार. इथे आधी इंजिनिअर म्हणून लागायचं, मग काही टॉवरांचा गट हाती येतो, पुढे जिल्हा, पुढे विभाग. दूरसंचारात मुंबईचं सर्कल वेगळं, तर उरलेला बहुतेक महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. म्हणजे बदली निघाली तर गोंदियापासून पणजीपर्यंत कुठेही. हे घरच्यांना नेमणुकीचं पत्र येण्यापूर्वी सांगा, नंतर नाही.

चौथी वाट लहान, पण तुमच्या दाराशी येणारी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. आज ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. घरोघरी फायबर जोडण्याचं काम बी.एस.एन.एल. स्थानिक भागीदारांकडून करून घेते. खाजगी केबलवालेही आहेत. तुमच्या भागात असं काम कोण करतं याची चौकशी करा आणि पगार थोडा असला तरी वर्षभर तिथे लागा. तक्रारींची नोंद, केबलचा नकाशा, माणसांच्या पाळ्या, वसुली हे सगळं तिथे शिकता येईल. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत ते उपयोगी पडेल.

पदवी घेऊन झालेल्या खंडाची लाज वाटू देऊ नका, तो भरून काढा. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे ‘एन.पी.टी.ई.एल.’ अभ्यासक्रम घरी बसून मोफत शिकता येतात. फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. नेटवर्किंग आणि फायबर हे दोन विषय आधी घ्या. एम.बी.ए.ची घाई नको. आधी काम, मग ती पदवी.

घरात काय ठरवायचं?

पोरगी दुपारची झोपली की यजमान आणि सासूबाई, दोघांना एकत्र बसवा आणि तीन गोष्टी बोलून घ्या. रात्री निघावं लागलं तर मुलगी कुणाजवळ झोपेल? बदली झाली तर किती लांबपर्यंत कबूल? आणि सासूबाईंचा दिवस नातीमागे जाणार, तर धुण्याभांड्याला बाई ठेवायची का? हा तिसरा प्रश्न कुणी काढत नाही. सगळा भार सासूवर टाकून सून कामाला गेली, तर सासू विरोध करणारच.

आपले हक्कही ठाऊक असू द्या. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. मुलाखत झाली की हे शांतपणे विचारावं. त्यात उद्धटपणा नाही. पगाराचं खातं स्वतःच्या नावाचं ठेवा.

ज्यांच्या मुली आज दहावीला आहेत त्या वाचकांसाठी दोन शब्द. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट चांगली आहे. बुलडाणा जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक पदव्यांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्तीही मुलींसाठीच, वर्षाला ५० हजार रुपयांची. प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या कचेरीत अटी विचारून घ्याव्यात, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

आता तुमचा मूळ प्रश्न, भगिनी. हट्ट धरू नका आणि सोडूनही देऊ नका. घरच्यांकडून एक वर्ष मागून घ्या. त्या वर्षात गावाजवळचं काम करा, गेट द्या, अर्ज टाका. आणि एक साधी वही ठेवा. रात्री किती वेळा फोन आला, किती वेळा फोनवर भागलं, किती वेळा निघावं लागलं, मुलगी त्या रात्री कुणाजवळ होती, सगळं तारीख घालून लिहा. वर्षाअखेर ती वही सासूबाईंना वाचून दाखवा. निघावं लागलेल्या रात्री थोड्या निघाल्या, तर त्यांची भीती आपोआप उतरेल. पुष्कळ निघाल्या, तर रात्रीची सोय पक्की केल्याशिवाय मोठी जबाबदारी घ्यायची नाही, हे तुम्हालाही कळेल. दोन्हीतलं काहीही झालं तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हाती असेल, आणि ती पदवी पेटीत राहणार नाही.

गेटचा अर्ज कधी सुटतो ते मात्र आजच बघा.