ऑक्टेन ९५ झाले. जुन्या टू-स्ट्रोकचे काय?

सोयाबीनवरची फवारणी सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या गॅरेजांत पाठीवरचे पेट्रोल पंप दुरुस्तीला येऊ लागतात. त्यांच्याच शेजारी एखादी जुनी लुना, एखादी हौसेने जपलेली आरएक्स १०० उभी असते. ही सगळी इंजिने टू-स्ट्रोक. त्यांच्या टाकीत जाणारे पेट्रोल मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मूळ मुदत २०३० होती. ते उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यावेळच्या वादात पेट्रोलियम मंत्रालयाने ऑक्टेनचा मुद्दा पुढे केला होता. साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ८४.४, इथेनॉलचे १०८.५ आणि ई-२० मिश्रणाचे सुमारे ९५. बीएस-६ च्या पेट्रोलचे ९१ होते. आकडे बरोबर आहेत. त्यावरून ‘ऑक्टेन वाढले म्हणजे पेट्रोल ताकदीचे झाले, आता टायमिंग थोडे पुढे घ्यायला हरकत नाही’ असा तर्क जुन्या गाडीचा मालक सहज लढवतो. गफलत तिथे आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधी आपोआप न पेटण्याचा तो गुण आहे. उष्मांक पाहिला तर इथेनॉल उलट कमजोर ठरते. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. कॉम्प्रेशन जास्त असलेल्या, नॉक सेन्सर बसवलेल्या नव्या इंजिनाला वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा उठवता येतो. जुन्या टू-स्ट्रोकचे कॉम्प्रेशन जेमतेम सहा-सात पट. त्याला ९१ ही पुरेसे होते.

आता टायमिंग. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर वीस अंश आधी म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी. मॅग्नेटची प्लेट किंचित फिरवली की हा क्षण पुढे-मागे सरकतो. तो गरजेपेक्षा आधी आणला, तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो आणि पिस्टनचा माथा तापतो. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनला दोन फेऱ्यांत एकदा आच सोसावी लागते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. उसंत नाहीच.

त्यात ई-२० ची स्वतःची एक अडचण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. सेन्सर असलेले इंजिन इंधन वाढवून हा फरक भरून काढते. कार्बोरेटरच्या जेटला त्यातले काही कळत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रण साधारण सात टक्क्यांनी पातळ होते. इथेनॉल उडताना थोडा गारवा देते हे खरे, पण भर मे महिन्यात पूर्ण थ्रॉटलवर चाललेल्या इंजिनाने त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणून हात लावायचाच असेल तर टायमिंगला नव्हे, जेटला लावावा. एक नंबर मोठा मुख्य जेट, किंवा सुईची क्लिप एक खाच खाली. टायमिंग कंपनीने दिले तेवढेच.

याहून मोठा धोका टाकीत असतो. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळी हवेतला ओलावा, सैल झाकणातून गेलेले थेंब ते काही प्रमाणात सामावून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. बऱ्याच टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते, लिटरला वीस ते चाळीस मिली. तेही वरच्या थरात राहते. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला आधी मिळते ते जवळपास बिनतेलाचे पाणीमिश्रित इथेनॉल. पुढे वरच्या थराची पाळी येते तेव्हा त्यातले इथेनॉल निघून गेलेले असते. ९५ ऑक्टेन उसने होते. उरते ते पुन्हा ८५ च्या आसपासचे. ज्याने ९५ च्या भरवशावर टायमिंग पुढे घेतले, त्याचे इंजिन आता ठोकू लागते. फवारणी पंपाच्या आवाजात ती टकटक ऐकूही येत नाही. पिस्टन पकडतो तेव्हाच कळते.

हंगाम संपल्यावर दिवाळीपासून मृगापर्यंत उरलेल्या पेट्रोलासह कोठीत पडून राहणाऱ्या पंपाला हा धोका रोज चालणाऱ्या लुनापेक्षा कितीतरी जास्त. ठेवण्याआधी टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. तेल मिसळलेले पेट्रोल आठ-पंधरा दिवसांपुरतेच तयार करावे.

ऑक्टेन वाढवण्याचा खटाटोप नवा नाही आणि त्याची किंमत याआधी माणसांच्या शरीराने मोजली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त रसायनाने नॉकिंग थांबते, असा शोध लागला. पुढे अनेक दशके जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. त्या तुलनेत इथेनॉल कितीतरी सुसह्य, यात वाद नाही. मात्र त्याने टू-स्ट्रोक निर्धोक होत नाही. या इंजिनात नवे मिश्रण आत येताना त्याचा बराच भाग न जळताच धुराड्यातून निसटतो. पाठीवर पंप बांधलेल्या माणसाच्या कानामागेच हे धुराडे असते. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल, तेलाचा धूर आणि इथेनॉलमुळे थोडे वाढणारे अॅसिटाल्डिहाइड, सारे त्याच्या श्वासाच्या टप्प्यात. औषधासाठी तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीच अडवत नाही. औषध फवारण्याचे काम बॅटरीच्या पंपानेही होते. त्याचा झोत तेवढा लांब जात नाही ही तक्रार रास्त असली, तरी फुफ्फुसांचा हिशेब कुणी घातलेला नसतो.

हिशेबाची आणखी एक बाजू लातूरला सांगायला नको. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. एप्रिल २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असेही नमूद होते. फवारणी पंपांची वेगळी नोंद त्या अंदाजात नव्हती.