विश्लेषण : कीळडीत उत्खननाचे हंगाम संपतात, वाद का संपत नाही?

तमिळनाडूतील कीळडी येथे २०१४-१५ पासून अनेक हंगामांत उत्खनन झाले. मात्र पहिल्या दोन हंगामांच्या अहवालावरून केंद्र आणि राज्य आमनेसामने आले. नवा हंगाम सुरू कसा होतो आणि त्याच्या अहवालाला एवढे महत्त्व का?

कीळडीत काय सापडले?

मदुराईच्या आग्नेयेस सुमारे १२ किलोमीटरवर, वैगई नदीच्या खोऱ्यात हे स्थळ आहे. येथे विटांची बांधकामे, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे मिळाली. ३५३ सेंटिमीटर खोलीवरील एका नमुन्याचा काळ इ.स.पू. ५८० निघाल्याचे राज्याने २०१९ मध्ये जाहीर केले.

हंगाम कसा सुरू होतो?

उत्खननाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असे मोजतात. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, त्यामुळे प्रत्यक्ष कुदळ नंतरच पडते. दहावा टप्पा जून २०२४ मध्ये सुरू झाला. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार संरक्षित क्षेत्राबाहेर खोदण्यासाठीही राज्याला केंद्राची पूर्वसंमती लागते. कीळडीत जमीन खासगी नारळबागांची. त्यामुळे मालकांची संमती घ्यावी लागते आणि काम झाल्यावर चर बुजवावे लागतात.

अहवाल इतका मोलाचा का?

उत्खनन हा दुसऱ्यांदा न करता येणारा प्रयोग आहे. एकदा काढलेला मातीचा थर परत रचता येत नाही. कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर होती, हे सांगणाऱ्या नोंदी, आराखडे व छायाचित्रेच उरतात. त्यांची संगती अहवालात लागते. तो नसेल तर संग्रहालयातले मणी आणि खापरे पुराव्याऐवजी शोभेच्या वस्तू ठरतात.

वाद नेमका कशाचा?

पहिले दोन हंगाम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी के. अमरनाथ रामकृष्ण यांच्या नेतृत्वाखाली झाले. २०१७ मध्ये त्यांची आसामला बदली झाली. तिसऱ्या हंगामानंतर सर्वेक्षण विभाग थांबला आणि २०१८ पासून राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतले. रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये ९८२ पानी अहवाल दिला. मे २०२५ मध्ये विभागाने कालखंडांची विभागणी आणि सर्वात जुन्या काळाची निश्चिती यांवर आक्षेप घेत दुरुस्त्या सुचवल्या. निष्कर्ष थरांचा क्रम व कार्बन कालमापनावर आधारित असल्याचे सांगत त्यांनी ते बदलण्यास नकार दिला.

पुढे काय?

कालमापनावर शंका घेणे हा शास्त्राचाच भाग आहे. पण त्या शंकेची तपासणी इतर अभ्यासकांना करता यावी, यासाठी मूळ नोंदी आणि आक्षेप दोन्ही खुले हवेत. दक्षिणेतील नागरीकरण किती जुने, हा प्रश्न अस्मितेचा झाला असताना तर ते अधिकच गरजेचे. नव्या हंगामाची पहिली कुदळ बातमी होते. आधीच्या हंगामाने काय सांगितले, हे मात्र अहवाल हाती आल्यावरच कळते.