बर्फाला थंड हवा नव्हे, यंत्र लागते



‘घामाच्या देशात आइस हॉकीचे लाड कशाला?’ हे गेल्या आठवड्यातील पत्रातले मत पटले नाही. २०२५ मध्ये भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदक पटकावले, तेही संयुक्त अरब अमिरातीतल्या वाळवंटी अल ऐनमध्ये! भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. या महिला संघाचा कणा म्हणजे लडाखी मुली. लडाखमधली गोठलेली तळी वितळली की त्यांचाही सराव अडतो, म्हणजे छताखालची रिंक थंड प्रदेशालाही हवीच. आपल्या मुंबईत गोराईच्या एस्सेलवर्ल्ड मनोरंजन उद्यानात हौसेची रिंक होती. मग खेळासाठी का नको? कांदिवलीत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे (‘साई’) केंद्र आहे. तिथे निदान चाकांच्या स्केट्सवरील हॉकीपासून सुरुवात व्हावी.

— एक वाचक, कांदिवली (पूर्व)