पाय कुणाचा घसरतो?

गेल्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील फिरली. एक मुलगा डोक्यावर ओढणी घेऊन 'खाला' झाला आहे. घरात नवीन वॉशिंग मशीन आले आहे. खाला बटण दाबते, मशीन थरथरते, खाला किंचाळत पलंगावर चढते, दुआ पढून मशीनवर फुंकर मारते आणि शेवटी फेसावरून घसरून आपटते. एका मिनिटाचा मामला. ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. त्यातली एक माझी होती. म्हणजे या लेखातला पहिला आरोपी मीच.

"नुसता विनोद आहे, मनावर काय घ्यायचं?" असे म्हणणारे लगेच पुढे येतील. त्यांना आधीच सांगतो, धडपडीचे सिनेमे मला मनापासून आवडतात. त्यांना थिल्लर म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही आणि हसल्याने ईमान ढिले होते असे मानणाऱ्यांतलाही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आपण या विनोदातली धडपड तेवढी उचलली, त्यामागची अक्कल मात्र तिथेच ठेवून आलो.

घरातली नवी सोय आणि तिने उडवलेली दाणादाण हा विषय जवळपास सिनेमाइतकाच जुना आहे. 1908 साली सेगुंदो दे शोमोन या स्पॅनिश दिग्दर्शकाने विजेवर चालणाऱ्या हॉटेलवर एक छोटा चित्रपट काढला. त्यात पाहुण्यांचे सामान आपोआप उलगडते, बूट आपोआप चमकतात. मग यंत्र सांभाळणारा दारू पिऊन नको ती कळ दाबतो आणि सगळे हॉटेल उलटेपालटे होते. 1916 मध्ये चार्ली चॅप्लिनने 'वन ए. एम.' केला. पैसेवाला बाबू रात्री झिंगून घरी येतो आणि भिंतीतून उघडणारा घडीचा पलंग त्याला काही झोपू देत नाही. शेवटी बिचारा न्हाणीघरातल्या टबात आडवा होतो.

माझा लाडका मात्र बस्टर कीटनचा 1922 चा 'द इलेक्ट्रिक हाउस'. कीटन वनस्पतिशास्त्र शिकलेला. पदव्यांची अदलाबदल होते आणि एक श्रीमंत गृहस्थ त्याला विजेचा इंजिनिअर समजून घराचे काम देतो. सरकता जिना, टबासाठी रूळ, जेवणाच्या टेबलावर ताटे आणणारी आगगाडी, कळ ओढताच रिकामा होणारा पोहण्याचा हौद, सगळे तयार होते. मग खरा इंजिनिअर सूड म्हणून तारांची अदलाबदल करतो आणि घर मालकावरच उलटते. या चित्रपटाच्या पहिल्या चित्रीकरणात त्या सरकत्या जिन्यात अडकून कीटनचा घोटा मोडला, काम बंद पडले आणि पुढे सगळे नव्याने चित्रित करावे लागले. हसवणाऱ्याने मार स्वतः खाल्ला होता.

या तिन्ही चित्रपटांत चूक कुणाची? कळ दाबणाऱ्या दारुड्याची, झिंगलेल्या बाबूची, चुकीच्या माणसाला काम देणाऱ्या मालकाची, तारा फिरवणाऱ्या इंजिनिअरची. यंत्र आणणारा, बसवणारा, मिरवणारा तोंडघशी पडतो. प्रेक्षक हसतो तो त्याच्या मिजाशीला.

आता कुणी म्हणेल, जुने सगळे सोने आणि नवे सगळे पितळ का? मुळीच नाही. 1940 साली आलेला 'थ्री स्टूजेस'चा 'अ प्लम्बिंग वी विल गो' बघा. तिघे तोतये प्लंबर एका बंगल्यात पाण्याचे नळ विजेच्या नळ्यांना जोडून बसतात. घरची बाई पाहुण्यांना नवाकोरा टेलिव्हिजन दाखवत असते. पडद्यावर नायगाराचा धबधबा येतो आणि पाणी खरोखरच अंगावर कोसळते. इथपर्यंत ठीक. पण त्याआधी स्वयंपाकघरात शेगडीतून, दिव्यातून पाणी अंगावर घेत घाबराघुबरा होतो तो कृष्णवर्णीय आचारी. डडली डिकरसन हा गुणी नट ती भूमिका करतो आणि कमाल करतो. पण विचार करा, नळ त्याने जोडले नाहीत, टेलिव्हिजन त्याचा नाही, बंगला त्याचा नाही. तरी भेदरलेला चेहरा त्याचाच दाखवायचा, कारण तशा चेहऱ्याला हसायची सवय तेव्हाच्या गोऱ्या प्रेक्षकाला होती. आमची 'खाला' त्याच आचाऱ्याची बहीण आहे.

आणि ती खाला कल्पनेतली नाही. ती रील आमच्या अम्मीनेही पाहिली आणि तीही हसली. पुढचे दोन दिवस तिने चादरी हाताने धुतल्या. विचारले तर म्हणाली, "माझ्या हातून काही बिघडायला नको, बेटा." मशीन घरात येऊन तीन महिने झाले होते आणि तिने काहीही बिघडवलेले नव्हते. अम्मी उर्दू झरझर वाचते, मराठी अक्षर अक्षर लावून. मशीनवरची एकूण एक अक्षरे इंग्रजी, सोबतचे पुस्तकही इंग्रजी. बसवायला आलेला मुलगा पाच मिनिटांत "सब ऑटोमॅटिक है" म्हणून गेला. मशीन हप्त्यावर घेणारा मी. नळाला पुरेसा दाब आहे का, हे न बघणाराही मीच. मग फेसावरून घसरून पडायला हवे होते कुणी?

काढा ना त्यावर रील. हप्ता भरून घामाघूम झालेला मुलगा काढा, पाच मिनिटांत पळणारा तंत्रज्ञ काढा, इंग्रजी पुस्तक उलटे धरून मान डोलावणारा घरचा पदवीधर काढा. मी पहिल्या रांगेत बसून हसेन. ओढणी घेऊन खाला होणाऱ्या मुलाने एकदा स्वतःचा शर्ट घालून पडून दाखवावे. कीटन तेच करत होता. आणि "आपल्याच माणसाने केलीय, बाहेरच्याने थोडीच?" ही सबब मला सांगू नका. आपल्या माणसाने केलेली थट्टा घरात जास्त खोल जाते, कारण तिच्यावर रागावताही येत नाही.

त्या दोन दिवसांनंतर अम्मीने स्वतःच तोड काढली. माझ्या बहिणीची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. वुजू होत नाही म्हणून तिने आयुष्यभर नखांना जी लावली नाही, ती मशीनच्या बटणांना लावली. एक ठिपका चादरींना, दोन ठिपके रोजच्या कपड्यांना, तीन ठिपके बंद करायला. आता मलाही तेच ठिपके बघून मशीन लावावे लागते.

पुढची रील फॉरवर्ड करण्याआधी एवढेच बघा, की मशीन आणले कुणी आणि पाय कुणाचा घसरतोय.