यादीत न सापडणारे नाव

मराठी वाहिन्यांच्या पुरस्कारांची नामांकने जाहीर होण्याचे दिवस जवळ आले, की आमच्या घरात जेवणाच्या पानावर निवडणुकीसारखे तट पडतात. आईचा कौल सासूला, मुलीचा जोडीला आणि सौ.चा खलनायिकेला. (‘निदान ती काहीतरी करते तरी!’) माझे मत कोणी विचारत नाही, म्हणून ते इथे मांडतो. मला यंदा नामांकनांत लेखक दिसायला हवा आहे, आणि तोही ठळकपणे.

या याद्या एकदा नीट वाचून पाहा. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट कुटुंब, सर्वोत्कृष्ट जोडी. सर्वोत्कृष्ट सासू म्हणजे उत्तम अभिनय करणारी, की सुनेला बरे वागवणारी, हे मला अजून उमगलेले नाही. त्यातून प्रत्येक वाहिनी गौरव करणार तो आपल्याच मालिकांचा. एका वाहिनीवरची नायिका दुसरीवरच्या नायिकेसमोर कधी उभीच राहत नाही. रिमोट हातात घेऊन आपण रोज रात्री जी तुलना करतो, ती या सोहळ्यांत होत नाही. सर्व वाहिन्यांचा विचार करणारे सन्मान नाहीत असे नाही, पण घरोघर चर्चा होते ती वाहिन्यांच्या सोहळ्यांची.

लेखकाचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण आपल्या लाडक्या मालिकांपैकी कित्येकांचे माहेर दुसरीकडे आहे. २०१९ साली सुरू झालेली ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, तर २०२२ ची ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. यात कमीपणा काहीच नाही, आपल्या रंगभूमीनेही उसने पुष्कळ घेतले आहे. शिवाय तमिळ घरातली माणसे मराठी घरात आणून बसवणे, त्यांच्या तोंडी आपल्या आजीची भाषा घालणे, हेही लेखनच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा आमच्या आईला ‘पूर्णाआजी’ गेल्याचे दुःख झाले. ती आजी परकी आहे असे तिला कधी वाटलेच नव्हते. त्याचे श्रेय त्या थोर अभिनेत्रीचे, तसे संवाद लिहिणाऱ्याचेही. मग कथा नव्याने रचणारा आणि आलेल्या कथेला मराठी करणारा, या दोघांना वेगवेगळी नामांकने का असू नयेत? एकाच तागडीत घातले तर दोघांवरही अन्याय.

अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांत नाट्यमालिकेच्या लेखनाचे नामांकन एकेका भागाला, लेखकाच्या नावानिशी मिळते. तिथेही सगळे आलबेल नाही. ‘द वायर’ ही २००२ ते २००८ अशी चाललेली नावाजलेली मालिका, तिच्या वाट्याला अवघी दोन नामांकने आली आणि पुरस्कार एकही नाही. पण ती दोन्ही नामांकने लेखनाची होती. आठवड्याला सहा भाग लिहिणाऱ्या आपल्याकडच्या लेखकाचा एखादा तरी भाग असा वेगळा काढून कोणी पाहील का? कालचे टीआरपी बघून आज प्रसंग बदलायचा, एखादे पात्र रजेवर गेले तर त्याला गावी धाडायचे आणि तरीही आठ वाजता घर खिळवून ठेवायचे, हा काही ऐरागैरा उद्योग नाही.

परवा घरात ‘अग्निहोत्र’ची आठवण निघाली. २००८ साली सुरू झालेली, वाडा आणि गणपतींच्या मूर्तींभोवती गुंफलेली ती मालिका आमच्याकडे सगळ्यांना पाठ. विनय आपटे, मोहन जोशी, मुक्ता बर्वे अशी नावे भराभर आली, दिग्दर्शक सतीश राजवाडे हेही आले. ‘आणि लिहिली कोणी?’ असे मी विचारले. चौघांपैकी एकालाही, मला धरून, सांगता आले नाही.

‘तू नामांकनांचे बघ,’ आई म्हणाली, ‘मी माझे मत सासूलाच देणार.’