मेनूकार्डावर भाव आहे, तेल-मिठाचा हिशोब कुठे?

दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर ऊर्जा, साखर, चरबी, सोडियम सगळं छापलेलं असतं. हॉटेलातल्या चारशे रुपयांच्या हंडीबद्दल मात्र आपल्याला फक्त किंमत कळते. हा फरक आपण मुकाट्याने मान्य का करतो?

कायदा अजिबातच नाही, असं नाही. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमावलीनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहायच्या आहेत. म्हणजे मॉलमधल्या पिझ्झाचा हिशोब मिळतो. पण कोंढव्यात, भेंडीबाजारात, मोमीनपुऱ्यात आपण कुटुंबासह जेवतो ती एक-दोन शाखांची हॉटेलं सुटतात. शिवाय मेनूवर सक्ती फक्त कॅलरींची. मीठ किती, तेल किती, हे लिहायचं बंधन नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकडेमोड हा माझा रोजचा धंदा. एका देगीत एक लिटर तेल पडलं आणि तीस प्लेट निघाल्या, तर दर प्लेटला साधारण ३० ग्रॅम तेल आलं. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर नुसत्या तेलाच्या २७० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारात दिवसभरासाठी २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. म्हणजे एका प्लेटमध्ये दिवसाचा कोटा संपला! मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते मोजायचं कसं?

हॉटेलमालक म्हणतील, प्रयोगशाळेचा खर्च आम्हाला परवडत नाही. प्रयोगशाळा मागतंय कोण? वस्तादाला तेल, मीठ, मटण किलोवर माहीत असतं. त्याला प्लेटांनी भागायचं, एवढंच. दुसरा युक्तिवाद असा की लोक चवीसाठी येतात. जरूर यावं. बिर्याणीवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. माहिती मिळाल्यावरही ज्याला पूर्ण प्लेट खायची त्याने खावी. पण मधुमेह असलेल्या अब्बांना हाफ प्लेट, कमी तेलाचं सालन आणि मैद्याच्या नानऐवजी ज्वारीची भाकरी मागता आली पाहिजे, आणि ती मिळाली पाहिजे.

मांस हलाल आहे का, हे आपण बिनदिक्कत विचारतो. तेल कितव्यांदा तापवलंय, हे विचारायला मात्र संकोचतो. तेलातील टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. तो मोठ्या-लहान सगळ्यांना लागू आहे.

तेव्हा मागणी सरळ आहे. मेनू-लेबलिंगची दहा शाखांची अट टप्प्याटप्प्याने खाली आणा, कॅलरींसोबत तेल-मीठही लिहायला लावा आणि अन्न व औषध प्रशासनाने तळणाचं तेल नियमित तपासावं. तोवर आपण टेबलावर बसल्यावर विचारत राहू. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालकाला उत्तर शोधावंच लागतं.