तुपाचा अभिषेक : ‘अचानक’ उमगण्याविषयी

१/ एखादी गोष्ट एकाएकी उमगली की मराठी माणसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. चिनी माणसाच्या डोक्यावर त्याच क्षणी तूप ओतले जाते. ‘थीहू ग्वानदिंग’ हा तो चार अक्षरांचा वाक्प्रचार.

२/ ‘थीहू’ म्हणजे संस्कृतातील सर्पिर्मंड, तुपाचेही सार. ‘ग्वानदिंग’ म्हणजे मस्तकावर ओतणे, अर्थात अभिषेक. दोन्ही कल्पना बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चीनमध्ये गेल्या. महाराष्ट्राला हा विधी परका नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वर्णनांत मोरोपंत पिंगळे तुपाने भरलेला सुवर्णकलश घेऊन पूर्वेस उभे असलेले दिसतात.

३/ म्हणून ‘हा वाक्प्रचार मुळात आपलाच’ अशी छाती फुगवण्याचे कारण नाही. सामग्री भारतीय, तिच्यातून रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार घडवला तो चिनी भाषेने. सर्पिर्मंड हा शब्द तर आज मराठीत कुणाच्या ओठी उरलेला नाही.

४/ त्याचा अर्थ ‘अचानक ज्ञानप्राप्ती’ असा सांगितला जातो. तो अर्धाच आहे. धर्मक्षेमाने इ.स. ४२१ मध्ये पूर्ण केलेल्या महापरिनिर्वाणसूत्राच्या चिनी भाषांतरात क्रम असा येतो : गाईपासून दूध, दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप आणि तुपापासून सर्पिर्मंड. मधली एकही पायरी गाळता येत नाही. गोंदियातील ज्या घरांत अजून साय साठवतात, विरजण लावतात, ताक घुसळतात आणि बेरी तळाशी बसेपर्यंत मंद आचेवर लोणी कढवतात, तिथे हे समजावून सांगावे लागणार नाही. ओतणे क्षणाचे असते. त्यामागचे कढवणे दिवसांचे. ‘एका वाक्याने आयुष्य बदलले’ अशा मजकुरांत नेमके हे कढवणेच गाळलेले असते.

५/ याची साक्ष गोंदियाच्या शेजारची एक कथाही देते. इ.स. ६३९ च्या सुमारास ह्युएन त्संग कलिंगातून कोसलात आला. हा अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिण कोसल. सालेकसा-दरेकसा ओलांडले की लागणारा छत्तीसगड हाच त्याचा गाभा. राजधानीबद्दल मात्र वाद आहे : कनिंगहॅमने चांद्याकडे बोट दाखवले, इतर अभ्यासक सिरपूरचे नाव घेतात.

६/ इथेच त्याने नागार्जुन आणि देव यांच्या भेटीची कथा नोंदवली. सिंहलाहून वाद घालण्यासाठी आलेला देव दाराशी थांबला. नागार्जुनाने शिष्याच्या हाती पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र बाहेर पाठवले. देवाने चकार शब्द न काढता त्यात एक सुई सोडली.

७/ देवाला तो संकेत क्षणात कळला, हे खरे. पण तो समुद्र ओलांडून, वादासाठी सिद्ध होऊन आलेला पंडित होता. पात्र तर शिष्यानेही पाहिले होते. दारापर्यंत नेले आणि परत आणले ते त्यानेच. ‘काय म्हणाला?’ असे नागार्जुनाने विचारताच ‘काहीच नाही, नुसती सुई टाकली’ एवढेच त्याला सांगता आले. गुरूने आनंदाने देवाची थोरवी गायली, तेव्हा या शिष्याला अर्थ विचारावा लागला. मग नागार्जुनाने सांगितले : भरलेले पाणी ही माझी विद्या, आणि सुई तिच्या तळापर्यंत गेली.